टाच

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
मी पलंगाच्या कडेला बसून जमिनीकडे बघतो,
वाण्याची बाकी थकवलेला माणूस
त्याच्या दुकानाकडे बघतो तसा.
लाल कोबा. गार. निर्विकार.
पहिलं पाऊल टेकतं,
आणि बोथट सुरीनं तिसरी उघडावी
तसं टाचेत काहीतरी उचकटतं.
दुसरं पाऊल भिंतीच्या आधारानं.
सातव्या-आठव्याला, न्हाणीच्या दाराशी,
मी पुन्हा उल्हास होतो.

एकवीस वर्षं झाली,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
फेरीबोटीवर दोर टाकतो, दोर सोडतो.
नदी तीच, माणसं बरीचशी तीच.
पायांखाली लोखंडी पत्रा
आणि पत्र्याखाली इंजिन,
त्याची थरथर सपातीतून वर चढते, थेट गुडघ्यापर्यंत.
इतकी वर्षं मला ती कळलीच नव्हती.

लंगडतोय म्हटल्यावर
अख्खी बोट डॉक्टर झाली.
वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेव.
बिब्ब्याचा चटका दे.
युरिक ॲसिड असेल, मास्तर म्हणाले, डाळ सोड.
पाट्रांव इनास केबिनमधून ओरडला,
पोट सोड आधी!

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी
एक्स-रे उजेडाला धरला.
हाड थोडं वाढलंय, म्हणाल्या, पण दुखतं ते हाड नव्हे.
तळव्याखाली एक पट्टा असतो,
टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला.
तो टाचेशी पिंजलाय.

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
दोर मध्यावर तुटत नाही कधी,
खुंट्याला घासतो
तिथंच आधी त्याचे धागे सुटतात.
आणि आपण मात्र बाकीचा दोर बघून
म्हणत राहतो, अजून चांगला आहे.

व्यायाम शिकवणारी पोर माझ्या मुलीएवढी.
पायरीच्या काठावर चवडे ठेवायचे,
टाचा खाली सोडायच्या, तीस मोजायचे.
पलंगावरून उतरायच्या आधी
टॉवेल बोटांत अडकवून ओढायचा.
किती दिवस?
महिने म्हणा काका, ती म्हणाली, आणि हसली नाही.

घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही,
यावर प्रेमावती दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी निळ्या सपाता आणल्या.
ह्या फक्त घरात.
आणि देवाच्या खोलीबाहेर काढायच्या, ऐकलं?

रात्री सोड्याची बाटली, पाणी भरून गोठवलेली,
तळव्याखाली पुढं-मागं लाटत बसतो.
फ्रिजात ती बांगड्यांशेजारी असते,
त्यामुळे मांजर माझ्या पायावर
भलतंच प्रेम करायला लागलंय.

डिसेंबरात बरं वाटलं म्हणून
जत्रेच्या रात्री काल्याला उभा राहिलो,
अनवाणी, पहाटेपर्यंत.
दोन महिन्यांची कमाई एका रात्रीत गेली.
दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून
मी टाचेला शिवी दिली, मग तिचीच माफी मागितली.
पुन्हा टॉवेल. पुन्हा तीस.

आता मार्च आहे.
दुखतं अजून, पण त्यात धार नाही,
शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं.
रॅम्प खाली सोडताना हल्ली
मी साखळी एकदम सैल करत नाही.
धाडकन आदळायचा तो धक्क्यावर,
आता हलकेच टेकतो.
इनास विचारतो, कितें रे, बोट तुझ्या बापायची?

आणि एक खोड लागलीय:
बोट टेकली की मी तोंडं बघत नाही, पाय बघतो.
बराच वेळ बसून उठलेल्यांची पहिली तीन पावलं.
काल कुस्तोदिया, मासळीची पाटी डोक्यावर,
उजवी टाच वर ठेवून, बोटांवर उतरली.
मी दोर हातात तसाच धरून विचारलं,
सकाळी जास्त दुखतं ना?
ती थांबली. तुला कुणी सांगितलं?

घरी जाऊन बाटली भर, म्हटलं. फ्रिजात ठेव.
फ्रिजात जागा कुठं, ती म्हणाली,
सगळे बांगडे.